उघड्या नळीवर न बोलणाऱ्या मॅडम

आमच्या नांदेडच्या कॉलेजात दर खंडेनवमीला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या व्होल्टेज स्टॅबिलायझरला झेंडूची माळ घालतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुतार करवतीला हळदकुंकू लावतो, ड्रायव्हर गाडीला लावतो, तसं शास्त्राच्या पोरांनी आपल्या उपकरणांना लावावं यात नवल काही नाही. पण चांगले सूक्ष्मदर्शक, नाजूक तराजू असं सगळं सोडून अख्ख्या इमारतीची पूजा एका घरघरणाऱ्या, गंजलेल्या डब्याला मिळते, याचं नव्या प्राध्यापकांना हसू येतं. ते मला विचारतात, कारण ती खोली माझी होती आणि निवृत्त झालो तरी खंडेनवमीला मी तिथं हजर असतो. मी म्हणतो, "शमीम मॅडमची ऑर्डर आहे." मग ते विचारतात, कोण शमीम मॅडम? आणि मला चहा मागवावा लागतो.

शमीम मॅडम जीवरसायनशास्त्राच्या. त्यांची प्रयोगशाळा आणि माझी यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला भोक पाडून पलीकडे नेलेली एक वायर. त्यांच्या डीप फ्रीझरला नांदेडची वीज सरळ मानवायची नाही, म्हणून माझ्या स्टॅबिलायझरवरून ती पाठवावी लागे. त्या वायरीवर आमची सगळी मैत्री उभी होती. मला जीवशास्त्रातलं ओ की ठो कळत नसे, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट त्यांना तेच बरं वाटे. "वट्टमवार सर, तुम्हाला कळलं म्हंजे कुणालाही कळेल," असं त्या माझ्या तोंडावर म्हणत. धर्माबादच्या व्यापाऱ्याचा मुलगा मी, अपमान पचवायची सवय लहानपणापासूनची.

बुटक्या, काटकुळ्या, डोळ्यांवर जाड चष्मा, ओढणी पांढऱ्या कोटाच्या आत घट्ट खोचलेली. चालताना खाली बघत, आणि बोलताना मात्र सरळ डोळ्यांत. त्यांच्या वडिलांचं नांदेडच्या इतवाऱ्यात घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मॅडम दुकानात जाऊन वडिलांच्या शेजारी बसत. घड्याळ उघडलेलं असलं की त्यावर बोलायचं नाही, हा तिथला नियम. तोंडातल्या वाफेनं आतल्या बारीक चाकांना गंज धरतो. "श्वास बाजूला टाक, बेटा," असं वडील म्हणत. मॅडम पुढे घड्याळांकडे गेल्या नाहीत, पण श्वास बाजूला टाकायची सवय त्यांनी जन्मभर जपली. घाई असली, राग आला, कुणी उलट बोललं की त्या मान वळवून आधी श्वास सोडत, आणि मगच तोंड उघडत. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांची मान वळली की आम्ही सावरून बसायचो.

ही सवय त्यांच्या कामाला नेमकी उपयोगी पडली. त्या आरएनएवर काम करत. पेशीत बसलेल्या मूळ हुकूमनाम्याची नक्कल करून ती कामाच्या जागी पोचवतो तो आरएनए, असं त्यांनी मला सांगितलं होतं. आणि काही अगदी तोकडे आरएनए असतात, ते निरोप पोचवत नाहीत. दुसऱ्याचा निरोप दाबून टाकतात. मॅडमना या तोकड्यांचं वेड होतं. पण आरएनए हा फार नाशवंत जीव. माणसाच्या बोटावर, घामात, थुंकीत त्याला खाऊन टाकणारा पदार्थ असतो. बोलताना एक शिंतोडा नळीत पडला की आठवड्याची मेहनत गेली. म्हणून बर्फात ठेवलेल्या नळ्यांची झाकणं उघडी असली की त्या खोलीत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

एकदा वरून तपासणी समिती आली. समितीचे अध्यक्ष भलतेच रुबाबदार, तोंडात पान. ते थेट मॅडमच्या टेबलावर वाकले आणि म्हणाले, "काय, इथं काय चालतं?" नळ्या उघड्या होत्या. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. नुसतं दाराकडे बोट केलं. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. मॅडमनी पुन्हा बोट केलं. प्राचार्यांना दरदरून घाम फुटला, तोही नळीत पडेल म्हणून मॅडमनी त्यांनाही बोट दाखवलं. समिती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. सगळी झाकणं लागल्यावर मॅडम बाहेर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "आता विचारा. पाहिजे तेवढं सांगते. आत मात्र आम्ही अब्बांच्या दुकानात असतो." अध्यक्षांना काही कळलं नाही, पण त्यांनी पान थुंकलं आणि तासभर ऐकत उभे राहिले. जाताना मला म्हणाले, "बाई खमकी आहे." मी असा खूश झालो, जणू मीच ती घडवली होती.

विद्यार्थ्यांना त्यांचा धाक होता तो एका शब्दाचा. 'वाटतं' हा शब्द त्यांच्यापुढं चालत नसे. "मॅडम, मला वाटतं या जंतूत..." असं कुणी सुरू केलं की त्या म्हणत, "तुला भूक वाटते, थंडी वाटते. जंतूबद्दल वाटून घेऊ नको, जंतूला विचार." या शब्दावरून माझं आणि त्यांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. ते सांगायचं तर आधी लातूरला जावं लागेल.

भूकंप झाला तेव्हा मॅडम लातूरला नोकरीला नव्यानं लागल्या होत्या. गणपती बुडवून माणसं झोपली होती, आणि पहाटे औशाकडची गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. दवाखान्यांत खाटा पुरेनात, व्हरांडे भरले, तंबू ठोकले. जखमेतला पू तपासायला माणसं कमी पडली म्हणून कॉलेजातले शिकवणारे बोलावले, त्यात या गेल्या. काम साधं होतं. काचेच्या ताटलीत जंतू वाढवायचे आणि त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती मोकळं कडं तयार होतं. न पडलं तर जंतू टिकलीला येऊन भिडतात.

सोजरबाई नावाच्या एका बाईंच्या ताटलीत एकाही टिकलीभोवती कडं आलं नाही. बाई भिंतीखाली अडकल्या होत्या. त्यांच्या मुलानं, बापूनं, हातांनी दगड उपसून त्यांना बाहेर काढलं आणि डोक्याचा पटका सोडून फुटलेल्या पायाला बांधला, म्हणून रक्त थांबलं. पण जखम चिघळली, औषध लागेना, आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. तेव्हा कामानं पिचलेला एक डॉक्टर बापूला बोलून गेला, "मातीचं घाण फडकं बांधलंस आणि पाय सडवलास." डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. बापू तिथंच उभा राहिला. त्या दिवसापासून त्यानं डोक्याला पटका बांधला नाही. मराठवाड्याच्या उन्हात शेतात उघड्या डोक्यानं राबणारा तो माणूस मी पुढे पाहिला आहे. गावात त्याला कुणी त्याचं कारण विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं.

सोजरबाईंनी खाटेवरून मॅडमचा कोट धरला. "पोरी, तू त्या काचात बघतीस न्हवं? मला येवढंच सांग. माझ्या लेकराच्या पटक्यानं गेला का माझा पाय?"

मॅडम म्हणाल्या, "बघून सांगते, मावशी."

हे बोलणं त्यांनी साधं धरलं नाही. पायावरून सोडलेला पटका फेकून देण्याआधी त्यांनी त्याचा तुकडा कापून घेतला होता, आणि त्यातलेही जंतू वाढवून पाहिले होते. ते शेतातले गरीब जंतू, साध्या औषधानं मरणारे. म्हणजे उत्तर तेव्हाच मिळालं होतं, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटलं. मॅडमना तसं वाटत नव्हतं. त्या म्हणत, पटक्यावर हजार प्रकारचे जंतू असतात, मी त्यातले चार उचलले. उरलेल्यांत तो नसेलच कशावरून? आणि मातीतला जंतू नंतर बिघडला नसेल कशावरून? त्यांनी त्या काळातले नमुने, गावातून आणलेल्या मातीसकट, छोट्या बाटल्यांत भरले, मेणानं तोंडं बंद केली, आणि वडिलांच्या दुकानातल्या सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. एका बाटलीवर लिहिलं 'सोजर', एकीवर 'पटका', आणि एकीवर 'खाट'. ही तिसरी सोजरबाईंच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाची. तो भूकंपातला नव्हताच. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भूकंपाच्या आधीपासून त्या वॉर्डात पडून होता आणि त्याचे टाकेही बरे होत नव्हते. मॅडम बदली होऊन नांदेडला आल्या तेव्हा तो डबा एसटीत मांडीवर घेऊन आल्या. आमच्याकडे तो कुलुपाच्या कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर असे.

वर्षातून एकदा त्या औशाकडे, सोजरबाईंच्या पुनर्वसन झालेल्या गावाला जात. बऱ्याचदा मला सोबत नेत, कारण मला वाटेत गप्पा मारता येतात आणि मुक्कामाला गप्प बसता येतं, असं त्यांचं म्हणणं. सोजरबाई कुबडी टेकून दारात यायच्या. "घावलं का ग?" मॅडम म्हणायच्या, "अजून न्हाई, मावशी." बाई मान हलवायच्या आणि चहा टाकायला सांगायच्या. बापू लांब उभा राहून ऐकायचा, उघड्या डोक्यानं, आणि चहा व्हायच्या आधी गोठ्याकडे निघून जायचा.

असंच एकदा परत येताना मी भडकलो. अहमदपूरच्या पुढे एसटी बंद पडली होती, त्याचाही राग असेल. मी म्हणालो, "मॅडम, सांगून टाका ना, पटक्यानं नाही गेला म्हणून. तुम्हालाही तसंच वाटतं. त्या माणसाचा जीव तरी हलका होईल."

त्यांनी मान वळवून श्वास सोडला. म्हणाल्या, "सर, बरं वाटावं म्हणून बोलणारे गावात लई हायत. सोयरे हायत, सरपंच हाय, भजनी मंडळ हाय. त्यांचं ऐकून त्याला बरं वाटलं का? त्याला ठाऊक हाय, हे मन राखून बोलून राहिले. मी बी तसंच बोलले तर त्याला खरं सांगणारं कोण राहिलं?"

"आणि तोवर म्हातारी गेली तर?"

"म्हणून तर घाई करून राहिले," त्या म्हणाल्या. मला त्यांच्या कामाचा वेग ठाऊक होता. राग मात्र माझा गेला नव्हता.

तोवर लातूर भलतंच बदललं होतं. भूकंपाचं म्हणून ओळखलं जाणारं गाव आता डॉक्टर होणाऱ्या पोरांचं झालं. गल्लोगल्ली क्लास, वसतिगृहं, मेस, आणि चौकाचौकात मार्क मिळवलेल्या पोरांचे फ्लेक्स. मॅडमचा लातूरचा एक जुना विद्यार्थी मोठ्या क्लासचा मालक झाला होता. तो गाडी घेऊन नांदेडला आला. "मॅडम, रविवारी फक्त बायोलॉजी शिकवा. तुमचं नाव बोर्डावर लागलं तरी पुरे." मॅडमनी अट घातली की लेक्चर झाल्यावर त्याच्या गाडीनं त्यांना मावशीच्या गावी सोडायचं. तो तयार झाला. मॅडम भरपूर पैसे मागतील असं धरून तो आला होता आणि या काय मागून बसल्या, हे त्याला घरी पोचेपर्यंत कळलं नसावं.

मी मागच्या बाकावर बसून ते लेक्चर ऐकलं. एवढ्या पोरांत मला श्वास घ्यायला जागा नव्हती. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, जंतू औषधाला दाद देत नाही, त्याचं कारण म्हणून चारपैकी बरोबर पर्याय कोणता?"

मॅडम म्हणाल्या, "चारही. काही जंतू औषध तोडतात, काही बाहेर फेकतात, काही रूप बदलतात, काही त्याला आतच येऊ देत न्हाईत. आणि पाचवा आम्ही शोधून राहिलो. तो अजून कुणाला माहीत न्हाई."

"मग परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत पहिल्या चारांतलं लिही. पण झोपताना पाचव्याचा विचार कर."

पुढचा तासभर त्या काय काय माहीत नाही तेच सांगत बसल्या. पोरांनी पेनं खाली ठेवली होती आणि एकही जण घड्याळ बघत नव्हता. मालक मात्र बाहेर येरझाऱ्या घालत होता. लेक्चर संपल्यावर काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, पोरांसमोर 'माहीत न्हाई' म्हणू नका हो! पालक ऐकतील, पोरं दुसऱ्या क्लासला जातील."

"माहीत असलेलं तर तुझ्या नोट्समध्ये हाय की," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठी मला कशाला बोलावलंस?" तो रविवार पहिला आणि शेवटचा. पण शब्दाला जागून त्यानं गाडी दिली, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आता खंडेनवमी. मॅडमच्या हाताखाली हदगावकडचा गोविंद पीएचडी करत होता. कापूस पिकवणाऱ्या घरचा, कामाला वाघ आणि स्वभावानं भाविक. तोपर्यंत उत्तर हाताशी आलं होतं. सोजरच्या जंतूतून काढलेला आरएनए, पटक्यातल्यांचा, खाटेचा, मातीच्या नमुन्यांचा असे शेकडो नळ्यांचे ट्रे त्या डीप फ्रीझरमध्ये उणे ऐंशीला रचलेले होते. एकदा पाहून झालं होतं, सुट्टीनंतर दुसऱ्यांदा पाहून खात्री करायची होती. मॅडम म्हणाल्या होत्या की पुढच्या फेरीला मावशीला काहीतरी सांगता येईल. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे आमच्या लेखी फटाके.

खंडेनवमीच्या दिवशी मॅडम नव्हत्या, नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या. गोविंदानं मनापासून पूजा केली. एकेक पिपेट हातानं पुसून हळदकुंकू लावलं, आणि ज्याच्यात आपलं सगळं आहे त्या फ्रीझरच्या दाराला आंब्याची पानं ओवलेली झेंडूची भरघोस माळ घातली. नारळ फोडला, प्रसाद ठेवला, नमस्कार केला, आणि आतला बर्फ एकदा डोळे भरून पाहून दार लावलं. माळेचं एक टोक दाराच्या रबरात अडकलं होतं. दाराला जेमतेम पानाएवढी फट राहिली. पुढं सुट्ट्या. फ्रीझर धापा टाकत राहिला आणि शेवटी स्टॅबिलायझरनं त्याची वीज तोडली. धोक्याची शिटी वाजत होती; वॉचमननं कुठं मांजराचं पिल्लू अडकलं की काय म्हणून दोन मजले शोधले आणि शिटी दमून थांबली तेव्हा पिल्लू सुटलं म्हणून निवांत झाला.

मॅडम आल्या तेव्हा खोलीत पाणी होतं आणि पाण्यात झेंडूच्या पाकळ्या. गोविंद भिंतीला टेकून बसला होता, त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. मी दारातच थांबलो. खरं सांगतो, त्या वेळी मला भीती वाटली ती हा पोरगा जिवाचं काही करून घेईल याची, मॅडम रागावतील याची नव्हे. मॅडमनी ती माळ उचलली, पान कुठं अडकलं होतं ते नीट पाहिलं, दार उघडून झाकून पाहिलं. मान वळवली. बराच वेळ वळलेलीच होती.

मग म्हणाल्या, "हळद कुठली रे?"

"घरची, मॅडम. आईनं दळलेली."

"चांगली हाय. रंग बघ की कसा धरलाय." आणि मग, "ऊठ. पाणी पूस. नळ्या मोजू."

आरएनए सगळा गेला होता. त्याच फ्रीझरमध्ये ठेवलेले जंतू मात्र मेले नव्हते. त्यांना नांदेडच्या उन्हाचं काय कौतुक? गोविंद म्हणाला, यातूनच पुन्हा सुरू करू. मॅडमनी नकार दिला. वितळलेल्या नळ्या एकमेकींत गळल्या असतील, कोण कुणात मिसळलं सांगता येत नाही. शंका असलेल्या नळीतून त्या मावशीचं उत्तर काढणार नव्हत्या. कपाटाच्या खालच्या फळीवरचा पत्र्याचा डबा बाहेर आला. मेण फोडलं, आणि इतक्या वर्षांच्या अंधारातून 'सोजर', 'पटका' आणि 'खाट' तिन्ही पुन्हा ताटलीत उगवले. तेव्हा मी मॅडमना पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसलेलं पाहिलं.

इकडे कॉलेजात भलतीच कुजबुज सुरू झाली होती. प्राचार्यांनी प्रयोगशाळांत पूजा बंद, अशी नोटीस टाइप करून घेतली. काहीजण म्हणू लागले, मॅडमनीच सांगितलं असणार, त्यांना कशी चालेल पूजा? हे मॅडमच्या कानावर आलं तशा त्या उठून प्राचार्यांकडे गेल्या. मी मागोमाग होतोच.

"सर, माळ चुकीच्या जागी होती. पूजा चुकीची नव्हती," त्या म्हणाल्या. "पोरांना हत्यारांपुढं वाकावं वाटतं, त्यात वाईट काय? अब्बा बी सकाळी चिमट्याला हात लावून कपाळाला लावायचे. पूजा करायचीच तर वट्टमवार सरांच्या स्टॅबिलायझरची करा. तो बसला की आपण सगळेच बसलो. आणि त्याला झाकण न्हाई, दार न्हाई."

नोटीस फाडली गेली. पुढच्या खंडेनवमीला झेंडूची पहिली माळ मॅडमनी स्वतः बाजारातून आणून गोविंदाच्या हातात दिली. स्टॅबिलायझरचं भाग्य उजळलं ते असं.

पण काम पुन्हा पहिल्यापासून. मध्येच बापूचा फोन आला, म्हातारीनं अंथरूण धरलंय. मी पुन्हा मॅडमच्या मागे लागलो. एकदा तर पाहून झालंय ना? गोविंदाच्या जुन्या आकड्यांवर सांगा, आता तरी सांगा! त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे लाल झाले होते. "सर, माझ्या जिवाला काय होतंय ते मला ठाऊक हाय. पण एकदाच बघितलेलं मी माझ्या मावशीला देणार न्हाई." नळ्या उघडल्या, आणि बोलणं संपलं. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आज मला त्याच गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही. आमच्या गळक्या इमारतीत, लोडशेडिंगमध्ये, उसाच्या रसवाल्याकडून आणलेल्या बर्फावर नळ्या ठेवून एका बाईनं एका म्हाताऱ्या बाईच्या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या तोडीचा मान दिला, आणि हे मी भिंतीपलीकडून पाहिलं.

शेवटी दुसऱ्यांदाही तेच आलं. औषध का लागलं नाही, ते मला त्यांनी असं सांगितलं. जंतूच्या अंगाला बारीक दारं असतात, औषध त्यातून आत शिरतं. संकट आलं की एक तोकडा आरएनए दारं करायचं काम थांबवतो. संकट टळलं की तोही गप्प होतो. सोजरच्या जंतूच्या मूळ हुकूमनाम्यात हा हुकूम सुटतो त्या जागी एक अक्षर बदललेलं होतं, त्यामुळे हुकूम कायमचा सुरू. दारंच नाहीत, तर औषध शिरणार कुठून? क्लासात सांगितलेल्या चौथ्या कारणामागं दडलेलं पाचवं ते हे. आणि तेच अक्षर 'खाट' नावाच्या बाटलीतही बदललेलं होतं. नुसतं तेवढंच नव्हे, सगळी अक्षरं शेजारी लावून पाहिली तेव्हा दोघं सख्खे भाऊ निघाले. पटक्यातले जंतू आणि गावची माती यांच्याशी त्यांचं दूरचंही नातं नव्हतं. पुढं त्यावर लेख आला, परदेशातून पत्रं आली, गोविंदाला पदवी मिळाली. प्राचार्यांनी सत्कार ठरवला. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात ठेवा. मला आधी औशाकडं जायचंय."

आम्ही गेलो तेव्हा सोजरबाई ओसरीत बाजेवर पडून होत्या. आवाज खोल गेला होता, पण प्रश्न तोच. "घावलं का ग?"

"घावलं, मावशी," मॅडम म्हणाल्या. बापू नेहमीप्रमाणे खांबाशी उभा होता. डोक्याचे केस आता पांढरे, कपाळ उन्हानं काळंठिक्कर पडलेलं. मॅडमनी त्याला हाक मारून जवळ बसवलं, आणि दोघांना सगळं सांगितलं. दारं सांगितली, हुकूम सांगितला. शेजारच्या खाटेवरचा माणूस सांगितला, जो भूकंपाच्या आधीपासून तिथं होता. "तो जंतू तुमच्या मातीतला न्हवता. दवाखान्यात आधीपासून होता. गर्दीत, घाईत, आमच्याच कुणाच्या हातानं तुमच्यापर्यंत आला असंल. माझ्या बी आला असंल. पटक्यात तो न्हवता. पटक्यानं रक्त थांबलं, म्हणून तुम्ही दवाखान्यापर्यंत पोचल्या."

"हे तुला वाटतंय, का बघितलंस?" सोजरबाईंनी विचारलं.

"दोनदा बघितलं, मावशी."

बापू जमिनीकडे बघत होता. मग सोजरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत सुनेला हाक मारून म्हणाल्या, "ट्रंकेतला पटका आण ग. लग्नातला."

सुनेनं आणला. घडीच्या रेघा पिवळ्या पडलेल्या होत्या. सोजरबाईंनी तो बापूच्या हातात दिला. "बांध."

बापूनं बांधायला घेतला. पहिला वेढा सुटला, दुसरा तिरपा बसला. म्हातारीनं बाजेवरून हात लांब करून टोक खोचून दिलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या अगदी जवळ बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. मग त्यांनी मान वळवली, आणि हळूच श्वास बाजूला सोडला.